कोंबडीची चाल

भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवून ‘ही डायनासोरच्या कुळातली’ असे म्हटले, तर ऐकणारा सहज मान डोलावतो. तेच परसात माती उकरणाऱ्या गावठी कोंबडीविषयी म्हटले, तर तो हसतो. आमच्या शेजारच्या आजींनी तर ‘अरे बाबू, तो राक्षस आणि माझी ही कोंबडी एका घरातली?’ असे विचारून मला तिथेच गप्प केले होते. खवले, लांब शेपूट आणि रोखलेली नजर दिसली, की आपण नाते जोडून मोकळे होतो. हाडांचा कौल मात्र कोंबडीच्या बाजूने आहे, आणि तो घ्यायला प्रयोगशाळेत जावेच लागते असे नाही.

नुसती चाल पाहावी. पाल, सरडा किंवा घोरपड यांचे पाय धडाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, त्यामुळे धावताना त्यांचे अंग डावी-उजवीकडे वळत राहते आणि त्या वळण्यात श्वासाची अडचण होते. कुंपणावरचा सरडा सुर्रकन धावतो आणि लगेच थबकतो, त्यामागचे एक कारण हेच आहे. डायनासोरांचे पाय धडाच्या थेट खाली होते, मांडीच्या हाडाचे डोके आत वळून कमरेच्या खोबणीत बसलेले असे. १८४२ मध्ये इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी या प्राण्यांचा स्वतंत्र गट मांडला, तेव्हा हाती आलेल्या मोजक्याच अवशेषांवरूनही ही ठेवण पाय पसरून सरपटणाऱ्यांची नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. कोंबडीचे पायही असेच धडाखाली असतात.

शागुतीच्या ताटातही थोडा पुरावा मिळतो. कोंबडीच्या छातीच्या वरच्या टोकाला चिमट्याच्या आकाराचे एक नाजूक हाड असते, ते टायरॅनोसॉरस या अजस्र मांसाहारी डायनासोरालाही होते. तिची काही हाडे आतून पोकळ असतात, कारण फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांची टोके त्यांत शिरलेली असतात. या पिशव्यांच्या जोरावर पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. लांब मानेच्या अजस्र डायनासोरांच्या मणक्यांतही अशाच पोकळ्या सापडल्या आहेत, आणि एवढी लांब मान त्यांना पेलवली ती बहुधा या पोकळपणामुळेच.

डायनासोरांच्या पिसांचा पुरावा तसा उशिराच आला. जर्मनीत १८६१ मध्ये आर्किऑप्टेरिक्स या आदिपक्ष्याचा जीवाश्म प्रसिद्धीस आला आणि इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी पक्ष्यांचा डायनासोरांशी संबंध जोडला, पण नंतर ही कल्पना बराच काळ मागे पडली. अमेरिकेतल्या मोंटानात १९६४ मध्ये सापडलेल्या डायनोनिकस या शिकारी डायनासोराच्या आधारे जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी ती पुन्हा उभी केली, आणि १९९६ मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोराच्या अंगावर पिसांसारखे तंतूच दिसले. एवढे होऊनही आमच्या जत्रेत आणि फेस्ताला मिळणारा प्लास्टिकचा डायनासोर हिरवागार, खवल्यांचा आणि शेपूट जमिनीवर टेकलेलाच असतो, याचे मला नवल वाटते.

खरी गंमत मात्र मगरीची आहे. गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या चिखलात ऊन खात पडलेली मगर पाहिली, की ती घोरपडीची थोरली बहीण वाटते. प्रत्यक्षात तिचे जवळचे नाते कोंबडीशी आहे. मगरींची आणि डायनासोर-पक्ष्यांची शाखा सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी एका मुळातून फुटली. सरडे आणि पाली त्याच्याही आधी वेगळ्या झाल्या होत्या. मगरीचे हृदय पक्ष्यांप्रमाणे चार कप्प्यांचे असते, सरड्याचे तीन कप्प्यांचे. मगरीण घरट्याची राखण करते, अंड्यातून पिल्लांची साद आली की माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या गावांत पौष अमावस्येला मानगेथापणी होते, तेव्हा शेतात मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. तिच्यापुढे कोंबडीचे पिल्लू किंवा अंडे ठेवण्याचीही रीत आहे; शास्त्राच्या हिशेबाने हा भाऊबंदांतलाच नैवेद्य म्हणायचा.

तरीही कोंबडी म्हणजे छोटा टायरॅनोसॉरस नव्हे. दोघे दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांच्या एकाच मोठ्या शाखेतले, पण तिच्या वेगवेगळ्या फांद्यांवरचे. डायनासोराची जड शेपूट शरीराचा तोल सांभाळायची आणि तिच्यातला स्नायू मांडी मागे ओढायचा, त्यामुळे त्याचे पाऊल कमरेतून पडे. पक्ष्यांची शेपूट आखडून हाडाचा एक तुकडा उरला, भार पुढे सरकला, मांडी जवळजवळ आडवी झाली आणि चालण्याचे बरेचसे काम गुडघ्यावर आले. (कोंबडीचा उलटा वाकणारा गुडघा म्हणून आपण जो पाहतो, तो तिचा घोटा असतो; गुडघा वर पिसांत झाकलेला असतो.) चिलीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबडीच्या पिल्लांना लहानपणापासून लाकडी शेपूट लावून वाढवले, तेव्हा त्यांची मांडी अधिक उभी राहू लागली आणि पाऊल गुडघ्याऐवजी कमरेतून पडू लागले.