बोट कशाकडे दाखवतंय?

"संत याकोबाच्या पायाला वाळवी लागलीय, बघून जा," एवढाच निरोप होता. लाकडी मूर्तींचं जतन हे माझं काम. खेड्यातल्या छोट्या चर्चमध्ये गाठ पडते ती वाळवीशी, मेणबत्त्यांच्या काजळीशी आणि कुणीतरी भक्तीनं फासलेल्या ऑइल पेंटशी. तिघांत पेंट सगळ्यात चिवट.

मूर्ती साडेतीन फुटी. हातात काठी, डोक्यावर रुंद काठाची टोपी, खांद्यावर शिंपला. यात्रेकरूचा वेष, म्हणजे येशूचा शिष्य याकोबच. गाव 25 जुलैला त्याचाच सण करत आलेलं. मला खटकलं ते डाव्या हाताचं बोट. ते मांडीकडे वळलेलं, आणि मांडीवर नुसती झग्याची निळी घडी. मूर्तिकार उगाच बोट वळवत नाही.

अंधार करून यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा धरला. जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरचं रंगकाम काळं दिसतं. मांडीवर तळहाताएवढा काळा डाग! टोकून पाहिलं तर आवाज लाकडाचा नव्हता. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती.

फादरना विचारलं आणि वरचा रंग काढून दोन इंचांची खिडकी उघडायला घेतली. द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा, भिंग, स्काल्पेल. सगळी दुपार गेली. आधी वर उचललेल्या कापडाची कोरीव कड आली, मग त्वचेचा गुलाबी रंग, आणि मधोमध एक चीर. तिच्याखाली लाल रंगाचे तीन थेंब.

हा याकोब नव्हता, संत रोक होता. तोही यात्रेकरूच्याच वेषात, पण मांडीवरची प्लेगची जखम दाखवणारा. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतःच आजारी पडलेला, रानात एकटा राहिलेला, कुत्र्यानं भाकरी आणून जगवलेला. पायथ्याशी दोन भोकं होती, सकाळी मी ती वाळवीच्या नावावर टाकली होती. पण वाळवी इतकी गोल, एका मापाची भोकं पाडत नाही. त्या खुंट्यांच्या जागा होत्या. कुत्रा तिथंच बसलेला असणार.

फादर मुकाट्यानं आत गेले आणि जुनी मृत्युनोंदवही घेऊन आले. बाप्तिस्मा आणि लग्नं नोंदवायचा नियम कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं 1563 मध्ये केला, मृत्यूंची वही 1614 च्या विधिग्रंथानं सांगितली. एका पानावर नावांपुढे लॅटिनमध्ये 'पेस्ते', प्लेगनं. एकाच घरातली चार नावं. पानाच्या मध्यावर अक्षर बदललेलं. लिहिणारे धर्मगुरूही गेले की काय, आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पुढचा रंग मी काढला नाही. जखम झाकणाऱ्यालाही काही कारण असेल, कदाचित ती रोज बघवत नसेल.

फुलं बदलायला आलेल्या आजी बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मग माझ्या आईनं इतकी वर्षं नवस बोलले ते कुणाला पोचले?"

"दोघांनाही," फादर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रोकचा सण 16 ऑगस्टला ना? तीन आठवड्यांचंच अंतर. मांडव तेवढे दिवस राहू देऊ."