बाटलीची मागची बाजू

'क्राफ्ट', म्हणजे थोड्या प्रमाणात, कसबाने बनवलेलं, हा शब्द लेबलावर छापायला शाईपलीकडे काही लागत नाही. म्हणून बिअर असो, सफरचंदाचा रस आंबवून केलेलं सायडर असो की कॉफी, पुढचं चित्र बघून झालं की बाटली किंवा पाकीट फिरवावं आणि मागे तीन गोष्टी शोधाव्यात: कधी बनलं, कशापासून बनलं, कोणी बनवलं. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर माल वाईटच असतो असं नाही. पण कोणी हे विचारील अशी बनवणाऱ्याची अपेक्षा नव्हती, एवढं कळतं.

चव घेताना आधी दोष ओळखायला शिकावं. जर्दाळू, मध, ओली माती असले वर्णनाचे शब्द जिभेवर बसायला वर्षं जातात. बिघाड मोजके असतात आणि बहुतेकांमागे ठरलेलं कारण असतं, त्यामुळे ते फार लवकर कळू लागतात.

बिअरपासून सुरुवात करू, कारण तिथे तारखेला सर्वाधिक महत्त्व आहे. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' ही तारीख फारशी कामाची नाही. कोणी सहा महिन्यांची मुदत देतं, कोणी वर्षाची. हवी ती भरल्याची तारीख. ती कधी कधी सांकेतिक असते: २५१०४ म्हणजे २०२५ सालचा १०४वा दिवस, म्हणजे १४ एप्रिल. हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, वासावर उभी असलेली आयपीए ही बिअर तीन महिन्यांच्या आत प्यावी, गढूळ प्रकारातली असेल तर त्याहून लवकर. गढूळ आयपीएत हवा शिरली की रंगच बोलतो: पिवळ्याचा राखाडी-तपकिरी होतो. उलट इम्पीरियल स्टाउट आणि बार्ली वाइन या कडक बिअर, किंवा एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक या आंबट बेल्जियन बिअरचं मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवलेली गझ, यांना वय मानवतं.

तारखेइतकंच साठवण बघावी. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे: ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी भरलेली पण उन्हाळ्यात बाहेर पडून राहिलेली बाटली ही सहा महिने फ्रिजमध्ये राहिलेल्या बाटलीपेक्षा म्हातारी असते. अशा बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हॉप्स विरतात आणि मागे नुसता चिकट गोडवा उरतो.

उजेडाचा दोष घरी मुद्दाम घडवून बघता येतो, आणि प्रत्येकाने एकदा बघावाच. फिकट, कडवट बिअर दोन स्वच्छ ग्लासांत ओता. एक अंधाऱ्या कपाटात, दुसरा उन्हात. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींचा वास घ्या. उन्हातल्या ग्लासातून जळक्या रबराची आठवण देणारी उग्र दुर्गंधी येईल. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात तुटतात, बिअरमधलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) त्यात मध्यस्थी करतं, आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. एका लिटरात त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळतं. तपकिरी काच बराचसा घातक उजेड अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळजवळ काहीच अडवत नाही, कॅनमध्ये प्रश्नच येत नाही. पारदर्शक बाटलीतल्या काही बिअर तरीही बिघडत नाहीत, कारण त्यांत उजेडाला दाद न देणारा, रासायनिक बदल केलेला हॉप्सचा अर्क असतो. प्रयोगासाठी नेमकी तीच बिअर निवडली तर काहीच घडणार नाही आणि माझ्यावर विश्वास बसणार नाही.

लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल. आंबताना यीस्ट त्याची सामग्री तयार करतं आणि शेवटी स्वतःच ते खाऊन टाकतं, पण त्यासाठी दोन-तीन दिवस जरा उबेत बसू द्यावं लागतं. घाई करून गार केलं की लोणी तसंच राहतं. नळाच्या बिअरमध्ये मात्र हाच वास बिचाऱ्या ब्रुअरीचा नसून नळीचा असू शकतो: नळीत जंतूंनी घर केलं की आधी लोणी, मग आंबूसपणा. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायला हव्यात. नळाच्या मागे उभ्या माणसाला "नळ्या कधी धुतल्या?" असं खुशाल विचारावं, चांगल्या ठिकाणी लगेच दिवस सांगतात. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस हे गंधकाचं संयुग, बहुधा उकळण्यात कसूर किंवा उकळल्यावर गार करायला लागलेला वेळ. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे यीस्टचं काम अर्धवट असताना काढलेली बिअर.

ग्लासही बघावा. फेसाच्या खाली काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासाला चिकटपणा किंवा साबण राहिलाय. घरी तपासायचं तर ग्लास ओला करून आतून मीठ भुरभुरावं. जिथे मीठ धरत नाही तिथे तेलकट आहे. आणि फेसाला घाबरू नये. दोन बोटं फेस आणून ओतली की जादा वायू ग्लासात सुटतो, पोटात नाही.

सायडरकडे वळताना पहिला प्रश्न रसाचा. ब्रिटनच्या करनियमांत सायडर म्हणवून घ्यायला ३५ टक्के सफरचंदाचा रस पुरतो, आणि तो आटवलेल्या रसापासून केलेला असला तरी चालतो. उरलेलं पाणी आणि साखर. म्हणून लेबलावर 'फक्त ताजा पिळलेला रस', सफरचंदांच्या जातींची नावं आणि हंगामाचं वर्ष शोधावं. वर्ष लिहिणारा बनवणारा सहसा वर्षातून एकदाच, फळ तयार झाल्यावरच रस काढतो. 'बर्फ घालून प्या' असा आग्रह असेल तर मी बाटली परत फडताळात ठेवतो. गारठ्यात वास झोपतो, दोषही झोपतात. चांगलं सायडर ८ ते १२ अंशांना प्यावं.

सायडरची सफरचंदं खायची नसतात. इंग्लंडमधल्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात १९०३ साली त्यांची चार गटांत वर्गवारी झाली: गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. आंबट म्हणजे ०.४५ टक्क्यांहून जास्त आम्ल, कडू म्हणजे ०.२ टक्क्यांहून जास्त टॅनिन. ज्याला तिथे कडू म्हणतात त्यात आपल्या मराठीतला 'तुरट' मोठा वाटेकरी आहे, आणि हा शब्द आपल्याकडे तयार असणं ही चव घेताना मोठीच सोय आहे. फरक पक्का करायचा असेल तर तीन कप मांडावेत: लिंबू पिळलेलं पाणी, दहा मिनिटं भिजवून गार केलेला कोरा चहा, आणि टॉनिक वॉटर. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने हिरड्या कोरड्या पडून ओढल्यासारख्या होतात, कडू जिभेच्या मागे रेंगाळतं. डॅबिनेट जातीच्या सायडरमध्ये मऊ तुरटपणा, फॉक्सव्हेल्पमध्ये धारदार आंबटपणा. किंग्स्टन ब्लॅकमध्ये दोन्ही असतात, म्हणून ते एकट्याच्या जोरावरही उभं राहतं.

गोडवा कुठून आला हेही विचारण्यासारखं. सफरचंदाच्या रसाला मोकळं सोडलं तर यीस्ट जवळजवळ सगळी साखर संपवतं आणि खडखडीत कोरडं सायडर मिळतं. गोड हवं असेल तर बहुतेक जण नंतर साखर किंवा रस मिसळून पाश्चराइझ करतात. फ्रान्समधल्या नॉर्मंडी आणि ब्रिटनीत जुनी युक्ती आहे: रसातलं पेक्टिन (फळातलं जॅम घट्ट करणारं द्रव्य) कॅल्शियमशी जुळून त्याची जेली होऊ द्यायची. बारीक बुडबुडे ती वर उचलतात आणि तपकिरी टोपी तयार होते. तिच्यासोबत यीस्टचं बरंचसं खाद्य, मुख्यतः नायट्रोजन, निघून जातं. टोपी आणि तळाचा गाळ यांच्यामधला स्वच्छ रस अलगद काढून घेतला की उपाशी यीस्ट महिनोन् महिने रडतखडत आंबवतं आणि साखर शिल्लक असतानाच थकतं. टोपी बसलीच नाही, किंवा वेळेत रस काढला नाही आणि ती फुटून खाली मिसळली, तर त्या वर्षी सगळं मुसळ केरात. अशा बाटलीला जास्त पैसे मोजणं मला पटतं. पेरी म्हणजे नासपतीचा रस आंबवून केलेलं पेय, तिचा गोडवा आणखी वेगळा. तिच्यात सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ते यीस्टला खाता येत नाही.

स्पेनमधल्या अस्तुरियासचं सायडर फेसाळ नसतं, म्हणून ते डोक्यावर हात नेऊन उंचावरून ग्लासाच्या कडेवर आपटतात. घोटभरच ओततात आणि बुडबुडे विरायच्या आत पितात. त्या सायडर-संस्कृतीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तसली बाटली आणून नेहमीसारखी भरली तर ते निव्वळ आंबट पाणी वाटेल. दोष बाटलीचा नव्हे.

सायडरचे खरे दोष: नेलपॉलिशचा वास म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, व्हिनेगर म्हणजे पिंप अर्धवट रिकामं राहून हवा लागली. सडक्या अंड्याचा वास उपाशी यीस्टचा. ग्लास हलवून पाच मिनिटं थांबा, किंवा वास घेण्यापुरता तांब्याचा स्वच्छ तुकडा बुडवा. गेला तर ठीक, कांद्या-रबरासारखा राहिला तर प्रकरण पुढे गेलंय. सगळ्यांत कपटी तो 'उंदरी' वास. नाकाने ग्लासात काहीच कळत नाही, घोट गिळल्यावर काही सेकंदांनी उंदरांच्या पिंजऱ्याची चव मागून येते. ज्या द्रव्यांमुळे हे होतं ती आम्लात उडत नाहीत. लाळेने आम्ल मारलं की मोकळी होतात. शंका असेल तर थोड्या सायडरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घालून वास घ्या. काही जणांना हा वास जाणवतच नाही, त्यामुळे एकाच बाटलीवरून घरात भांडण होऊ शकतं आणि दोघंही खरं बोलत असतात.

कॉफीत मात्र निम्मी जबाबदारी पिणाऱ्यावर येते, कारण शेवटचं काम आपणच करतो. पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. भाजल्यावर दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. पहिले चार-पाच दिवस तो पाण्याला आत शिरू देत नाही. आठवडा ते पाच आठवडे हा बरा काळ. दाणे तेलाने चकाकत असतील तर भाजणं गडद आहे आणि ते तेल लवकर खवट होईल. पाकीट उघडल्यावर मूठभर दाणे ताटलीत पसरा. बाकीच्यांपेक्षा फिकट राहिलेले दाणे कच्च्या फळांचे. त्यांची चव शेंगदाण्याच्या टरफलासारखी. काढून टाका. रवांडा आणि बुरुंडीच्या कॉफीत एक दोष डोळ्यांना दिसत नाही: कच्च्या बटाट्याचा वास. एक दाणा अख्खा कप घालवतो. म्हणून ती कॉफी एका कपापुरतीच दळावी, दळल्यावर हुंगावी, बटाटा आला तर फेकून दुसरी दळावी. बाकीचं पाकीट बहुधा उत्तमच असतं.

कागदी गाळणीच्या शंकूसाठी माप असं: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ९३ ते ९५ अंश. कागद आधी गरम पाण्याने धुवा. पहिलं ४५ ग्रॅम पाणी ओतून ४० सेकंद थांबा. इथे भुगा फुगला नाही तर कॉफी शिळी आहे. सव्वा मिनिटापर्यंत १५० ग्रॅम, पावणेदोन मिनिटांपर्यंत २५० ग्रॅम. तीन मिनिटांच्या आसपास सगळं खाली उतरावं. वजनकाट्याशिवाय हे करू नये. चमच्याने मोजलेल्या फिकट आणि गडद कॉफीचं वजन सारखं येत नाही.

आंबट, पातळ, खारट झाली तर कॉफी पाण्यात कमी उतरली आहे: बारीक दळा किंवा पाणी जास्त गरम घ्या. कडू आणि तोंड कोरडं करणारी झाली तर जास्त उतरली: जाड दळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागत असेल तर माप बदलून उपयोग नाही. दळण एकसारखं नाही, पूड आणि रवा एकत्र पडतोय. पात्यांच्या मिक्सरचा हाच दोष. दाते असलेली चक्की घ्या, हाताने फिरवायची असली तरी चालेल. पूड फार झाली की कागद तुंबतो आणि पाणी पाच मिनिटं साचून राहतं.

इतकं करूनही कप निर्जीव लागला तर पाणी तपासा. जड पाण्यातलं बायकार्बोनेट कॉफीचं आम्ल मारतं, चव खडूसारखी सपाट होते. अगदी निव्वळ शुद्ध पाण्यात ती पोकळ लागते. तीच कॉफी, तेच माप आणि दोन वेगळी पाणी घेऊन शेजारी-शेजारी करून बघा. फरक चक्की बदलल्याइतका पडू शकतो.

दोन पाकिटांत निवड करायची असेल तर गाळणी बाजूला ठेवून साधे कप घ्या: प्रत्येकी ८.२५ ग्रॅम जाडसर कॉफी, १५० मिलिलिटर उकळून जरा निवलेलं पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, तेव्हाच नाक जवळ न्या. फेस काढून टाका, दहाव्या मिनिटानंतर चमच्याने भुरकायला लागा आणि पूर्ण गार होईपर्यंत अधूनमधून परत या. गरम असताना सगळ्या कॉफ्या बऱ्याच लागतात. फळासकट वाळवलेल्या कॉफीत हे विशेष कळतं: नीट वाळवलेली निवल्यावर पिकल्या फळासारखी खुलते, जास्त आंबलेली व्हिनेगर आणि सडक्या फळाकडे जाते.

आवडलेलं पाकीट पाच आठवड्यांत संपणार नसेल तर उघडल्याबरोबर एकेका कपाचे दाणे हवाबंद पुड्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. पुडी काढली की दाणे थिजलेलेच दळले तरी चालतात. मोठं पाकीट मात्र बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव दाण्यांवर बसतं आणि उरलेली सगळी कॉफी त्याच दिवसापासून शिळी व्हायला लागते.