गायमुखचा चढ, ट्रेलर आणि एक दात

आमचा पिकअप घोडबंदर रोडला जनरेटरचा ट्रेलर ओढतो आणि गायमुखचा चढ आला की गिअर खाली टाकत टाकत जावं लागतं, क्लचचा वास येतो, जीव तुटतो अगदी. म्हणून मागच्या ॲक्सलमधलं क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी गिअरची जोडी, ३.७३ रेशोचं (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) काढून ४.१० चं बसवायचं ठरवलंय. म्हणजे क्राउनला दात ४१च, पिनियनला ११ ऐवजी १०, एवढ्या एका दातात चाकाला साधारण १० टक्के जास्त ओढ मिळते, पण त्याच स्पीडला इंजिनपण तेवढंच जास्त फिरणार, रिकामी गाडी नाशिक हायवेला पळवली की डिझेल जाणारच. मला चालेल, गाडी कायम लोडवरच असते.

फक्त वर मोठे टायर टाकू नका राव, मिळवलेली ओढ तिथेच जाते. आणि फोर बाय फोर असेल तर पुढचा ॲक्सलपण त्याच रेशोचा करा.