सांधा

दुपारी कपाचा कान तुटला. म्हणजे कान माझ्या हातात, कप ओट्यावर. लेक म्हणाली, "आई, चिकटव ना." माझ्या तोंडून गेलं, "बघते सांधून." ती हसली. "सांधून म्हणजे?"

आता काय सांगू? जोडणं सगळ्यांना येतं. हात जोडतो, माणसं जोडतो, अर्जाला झेरॉक्स जोडतो. जोडा, जोडवी, जोडाक्षर, जोडधंदा... गोतावळा मोठा. जुळण्यात आपला हात नसतो. पत्रिका जुळतात, नाहीतर नाही जुळत. सांधायचं मात्र तेच, जे आधी एक होतं. निदान आमच्या घरात तरी. आजोबांचं धोतर मध्ये विरलं की आजी तेवढा पट्टा फाडून काढायची आणि उरलेले दोन तुकडे सांधायची. दंड घातलेलं ते धोतर आखूड व्हायचं, पण आणखी एक पावसाळा काढायचं.

माझा हा नियम मामाने मात्र केव्हाच मोडला होता. मामा रेल्वेत, दौंडला. मे महिन्यात सकाळी सहाला तो मला लाइनीवर न्यायचा आणि दोन रुळांमधल्या फटीत माझी शिसपेन्सिल घालायला लावायचा. सहज जायची. दुपारी दीडला तीच पेन्सिल जाता जाईना. "तेरा मीटरचा रूळ, उन्हात वाढणारच. फट नाही ठेवली तर वाकेल गं." दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, चार बोल्ट, मधोमध मोकळी जागा, आणि याचं नाव काय तर सांधा! गाडीचं ते खडाक-खट, खडाक-खट म्हणजे या फटीच. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब केलेत. आवाज गेला, आणि माझी गाडीतली झोपही.

हे सगळं लेकीला रंगवून सांगत होते, तोवर तिने ट्यूब आणून कान चिकटवलासुद्धा. छान बसलाय. तुटला होता हे सांगूनही खरं वाटणार नाही.

चहा मी स्टीलच्या पेल्यातून प्यायले.