एएमईनंतर पदवी: घोडं अडतं ते तासांच्या तक्त्यावर

ओझर-नाशिककडची जी मुलं एएमई (विमान देखभाल अभियांत्रिकी) करून पदवीच्या मागे लागली आहेत, त्यांना आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बी१.१ लायसन्ससाठी, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या देखभालीवर सही करायच्या परवान्यासाठी, पदवी लागत नाही. मोठ्या विमानांवर बी१.१ची तीन वर्षं सही केलेली असली की सी कॅटेगरीचा (मोठ्या देखभालीनंतर विमान सोडायच्या परवान्याचा) रस्ताही पदवीशिवाय खुला असतो. पदवी लागते ती 'पदवीधर' अशी अट असलेल्या सरकारी जागांसाठी, एमबीएसाठी, परदेशात पुढे शिकण्यासाठी. तुमचं कारण यातलं असेल तरच पुढे वाचा.

अर्ज, फी, फोटो यांवर शब्द घालवत नाही, ते होऊन जातं. माझं सगळं अडलं ते थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागताना, एका कागदापाशी. प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं 'मान्यताप्राप्त बेसिक कोर्स पूर्ण, २४०० तास'. विद्यापीठाला हवे असतात विषयवार क्रेडिट (तासांवरून मोजायचं अभ्यासाचं एकक) आणि गुण. संस्था म्हणते, आमचा नमुना डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे आहे. विद्यापीठाचं टेबल म्हणतं, आम्हाला मॉड्यूल (या कोर्सचे विषय) कळत नाहीत, समकक्षता आणा. ती कोण देणार, हे मात्र कुणीच सांगत नाही. याचा राग मला अजून आहे, कारण लागणारा विषयवार तासांचा आणि गुणांचा तक्ता संस्थेकडच्या हजेरीपटातून आणि निकालातून सहज तयार होतो.

हा तक्ता स्वतः टाइप करा आणि फक्त सहीसाठी न्या. बी१.१ची तेरा मॉड्यूल आहेत: १ ते १०, मग ११, १५ आणि १७. प्रत्येकाची एक ओळ. मॉड्यूलचं नाव, थिअरीचे तास, प्रॅक्टिकलचे तास, संस्थेतले गुण, आणि वेगळ्या रकान्यात डीजीसीए परीक्षेचे गुण. हे दोन गुण एकाच रकान्यात आले की फाइल परत येते, कारण डीजीसीएला पास व्हायला ७५ टक्के लागतात आणि संस्थेची अंतर्गत परीक्षा वेगळी असते. खाली ट्रेनिंग मॅनेजरची सही, शिक्का, संस्थेचा सीएआर-१४७ (प्रशिक्षण संस्थांसाठीचे डीजीसीएचे नियम) मान्यता क्रमांक आणि तुमच्या कोर्सच्या काळात ती मान्यता चालू होती असं एक वाक्य. सोबत सीएआर-६६ (लायसन्सचे नियम) मधला त्या-त्या मॉड्यूलचा अभ्यासक्रम छापून जोडा.

एकूण तासांवर वाद घालू नका. २४०० तासांत थिअरी ५० ते ६० टक्के असते. थिअरीच्या १५ तासांना एक आणि प्रॅक्टिकलच्या ३० तासांना एक क्रेडिट धरलं, तर निम्म्या-निम्म्या हिशोबाने ८० अधिक ४०, म्हणजे १२० क्रेडिट होतात. ती तर तीन वर्षांची अख्खी पदवीच झाली! सरसकट ३० तासांना एक धरलं तर ८०च. कुठलंही विद्यापीठ एवढं एकगठ्ठा देत नाही, ते पेपरला पेपर जुळवतं. मॉड्यूल ३, ४, ५ म्हणजे विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि डिजिटल, ६ म्हणजे मटेरियल, ८ म्हणजे एरोडायनॅमिक्स. हे सहज जुळतात. मॉड्यूल ७ मध्ये रिव्हेटिंग, लॉकवायरिंग, टॉर्क रेंच असे तासच्या तास घासलेले असतात, पण पदवीत ते 'वर्कशॉप'च्या एखाद्या पेपरात बसतात. भाषा, पर्यावरण वगैरे पेपर द्यावेच लागतात. म्हणून तक्त्यात शेवटचा रकाना ठेवा: पदवीचा कोणता पेपर या मॉड्यूलशी जुळतो. ते काम विद्यापीठावर सोडलं की फाइल टेबलावर पडून राहते.

मायग्रेशनचंही (आधीच्या मंडळाचा किंवा विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखला) इथेच आठवलं. एएमई संस्था म्हणजे विद्यापीठ नव्हे, त्यामुळे तिचं मायग्रेशन सर्टिफिकेट नसतंच. मधे दुसऱ्या विद्यापीठात नाव घातलेलं नसेल तर ते बारावीच्या मंडळाकडून आणायचं, म्हणजे आपल्याकडे नाशिक विभागीय मंडळ.

मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने पदवी करणार असाल, तर २०२४पासून यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) डीईबी आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षणाचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि तो एबीसी (क्रेडिट साठवायची बँक) आयडीवर चालतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हा आपल्याकडचा घोळ तिथे उघडा पडतो. प्रवेशाची तारीख यायच्या आत नावं एकसारखी करून घ्या. इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीने मिळत नाही, यूजीसीने ते बंद ठेवलं आहे. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'स्टडी सेंटर' नाशिकमध्ये कुणी दाखवलं किंवा वर्षभरात पदवी देतो म्हणालं, तर पैसे भरू नका.

आणि लॉगबुकातला (विमानांवर केलेल्या कामाच्या नोंदवहीतला) अनुभव तक्त्याच्या तासांत मिसळू नका. तो लायसन्ससाठी मोजला जातो, २४०० तासांच्या बाहेरचा आहे. दोन्ही एकत्र दिसले की तपासणारा सगळेच तास संशयाने बघतो.