उपासना मनापासून होते आहे, हे कशावरून ओळखायचे?

गाताना अंगावर काटा आला, प्रार्थनेत डोळे भरून आले, की उपासना मनापासून झाली असे आपण धरून चालतो. आणि दोन-तीन रविवार तसे काही झाले नाही, की विश्वास थंडावला म्हणून स्वतःलाच बोल लावत बसतो. पण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देव लोकांच्या उपासनेवर नेमकी कशासाठी हरकत घेतो ते बघा. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात सण, बली, गाणी, वाद्ये असे सगळे यथासांग चालले आहे, आणि देव म्हणतो, हा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. कारण तेच लोक वेशीत, जिथे न्यायनिवाडा चाले तिथे, गरिबांचा न्याय बुडवत होते. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात हरकत अर्पणाच्या जनावरावर आहे. आंधळे, लंगडे, आजारी असेल ते वेदीवर आणता. तेच आपल्या अधिकाऱ्याला नेऊन द्या बरे, तो खूश होतो का बघा!

मलाखीची ही कसोटी आज वेळेला लावावी. दिवसातली कोणती मिनिटे देवाच्या वाट्याला येतात? बहुतेकांची प्रार्थना अंथरुणावर, फोन बाजूला ठेवल्यावर सुरू होते आणि तिसऱ्या वाक्यावर झोपेत विरते. १५ मिनिटे पुरतात, पण ती जागेपणीची आणि ठरलेल्या वेळची हवीत. आधी दोन मिनिटे काही न बोलता बसायचे. मग बायबलमधल्या स्तोत्रांपैकी एक स्तोत्र मोठ्याने, दोनदा वाचायचे. दुसऱ्या वेळी जिथे मन अडेल तिथे थांबायचे. पुढे पापाची कबुली, उपकारस्तुती आणि मागणी सर्वांत शेवटी. मागण्या आधी घेतल्या की १५ मिनिटे त्यांच्यातच संपतात. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही भाकरीच्या मागणीआधी देवाचे नाव, राज्य आणि इच्छा येते. (क्षमेची विनंती मात्र तिथे भाकरीनंतर आहे, तेव्हा या क्रमाला नियमशास्त्र समजू नये.)

सगळ्यात जास्त पळवाटा निघतात त्या कबुलीत. ‘कळत-नकळत झालेल्या पापांची क्षमा कर’ हे वाक्य चुकीचे नाही, पण त्यात आपण काहीच कबूल केलेले नसते. ‘कालची चूक माझी होती आणि मी ती हाताखालच्या माणसावर ढकलली’ असे म्हटले, की पुढे कुणाला गाठायचे तेही कळते. लूक १८ मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस) बहुधा खोटे बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास आणि मिळकतीचा दशमांश तो खरोखर देत असेल. बिघडले ते असे की देवाशी बोलता बोलता त्याने शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवले. जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची: हे देवा, मज पाप्यावर दया कर.

मत्तय ५:२३-२४ आपण फार भरभर वाचतो. येशू तिथे सांगतो: वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवले, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. इथे दोन गोष्टी निसटतात. राग आपल्या मनात आहे की नाही हा प्रश्नच नाही, दुखावलेला माणूस समोरचा आहे. ‘माझ्या मनात काही नाही’ हे उत्तर म्हणून चालत नाही. दुसरे, ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, पायी तीन-चार दिवसांवर. जनावर तिथे सोडून परत जायचे, माफी मागायची आणि पुन्हा एवढीच वाट तुडवायची! त्या मानाने आपल्याला एक फोन करायचा असतो. तो प्रभुभोजनाच्या (मंडळीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) सकाळी घाईत उरकण्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी करावा आणि ‘तुला वाईट वाटले असेल तर माफ कर’ असे म्हणू नये. त्यातल्या ‘तर’मुळे माफी मागणारा मोकळा होतो आणि दुखावलेल्याच्या हाती काही पडत नाही. समोरच्याने दार उघडलेच नाही, तर प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो तेवढेच आपल्याकडे उरते: तुमच्याकडून होईल तितके करून शांतीने राहा.

मंडळीत पुढे उभे राहणाऱ्यांचा मोह वेगळाच. गाण्यातल्या चुका सरावात काढाव्यात, उपासना चालू असताना वादकाकडे डोळे वटारू नयेत. आणि प्रार्थनेतून टोमणे तर बंदच करावेत. ‘प्रभू, उशिरा येणाऱ्यांना सद्बुद्धी दे’ ही प्रार्थना कुणासाठी चालली आहे ते शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळते.

राहिले कोरडे दिवस. स्तोत्र १३ अवघ्या ६ वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा सवाल चारदा येतो, मग गाऱ्हाणे विनवणीत उतरते आणि शेवटी भरवसा येतो. स्तोत्र ८८ मध्ये तर तेवढेही नाही, ते अंधारावरच संपते. तरी १५० स्तोत्रांत त्याला जागा आहे आणि शीर्षकात ते गाणाऱ्यांच्या प्रमुखाकडे सोपवलेले आहे. अशा दिवसांत आनंदाची गीते ओढूनताणून म्हणण्यापेक्षा ही दोन स्तोत्रे हळू वाचा आणि जे वाक्य आज स्वतःचे म्हणून उच्चारता येईल, तेवढेच प्रार्थनेत घ्या. एखाद्या दिवशी फक्त ‘कोठवर?’ एवढेच निघेल. तेवढे म्हणून उठा आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा बसा.