केदारकंठ्याला जाताना लोकर घ्यावी की सिंथेटिक?

सह्याद्रीत आजवर पॉलिस्टरच्या ड्राय-फिट टी-शर्टवर निभावलं होतं. उत्तराखंडच्या हिमालयातला केदारकंठा मात्र साधारण १२,५०० फुटांवर, तोही जानेवारीतल्या बर्फात. अंगालगतचा थर मेरिनो (बारीक लोकरीच्या मेंढीची एक जात) लोकरीचा घ्यावा की सिंथेटिक थर्मल, हे ठरवायचं होतं. सुती कपडा आधीच बाद. घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो.

मेरिनोच्या एका टी-शर्टच्या पैशात सिंथेटिकचे दोन-तीन येतात, म्हणून विकत घेण्याआधी मित्राचा उसना आणला. घोंगडी अंगाला टोचते हे लहानपणापासून माहीत असल्यामुळे धास्ती होती. पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. तो त्वचेला टेकला की टोचत नाही, वाकतो.

घरी दोन्ही कपडे भिजवून पिळले आणि सावलीत शेजारीशेजारी टांगले. पॉलिस्टर कितीतरी आधी वाळलं. त्याचा तंतू पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. ओल वरवर राहते आणि उडून जाते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा तंतूच्या आत घेते, आणि घेताना थोडी उष्णताही सोडते. म्हणून ती दमट असली तरी अंगाला गार लागत नाही.

याचा खरा अर्थ आतकरवाडीतून पहाटे सिंहगड चढताना कळला. चढताना दोन्हींत फार फरक जाणवला नाही. वर पोचून वाऱ्यात बसल्यावर मात्र पॉलिस्टर पाठीला गार चिकटलं, मेरिनोने ती हुडहुडी भरू दिली नाही. हिमालयात तर सारखं चढणं, थांबणं, पुन्हा चढणं. माझ्या मते निर्णय इथेच होतो: तुम्हाला घाम किती येतो यापेक्षा घाम आल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, हे आधी बघा.

शेवटी अंगालगत पातळ मेरिनो घेतला आणि त्यावर फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरच. वाऱ्यासाठी वरून जाकीट. पायमोजे लोकर-नायलॉनच्या मिश्रणाचे, कारण निव्वळ लोकर टाचेला लवकर विरते. झोपण्यासाठी स्वस्त सिंथेटिक थर्मल प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं ठेवलं आणि चालताना त्याला हातही लावला नाही.

पायथ्याचं सांकरी गाव सोडल्यावर आंघोळ नाही, तरी मेरिनोने घामाचा वास जवळजवळ धरला नाही. तंबूत दाटीवाटीने झोपताना ही मोठी सोय. शेकोटीजवळ फ्लीस काढून ठेवायचो. ठिणगीने पॉलिस्टर वितळतं, लोकर सहसा पेट घेत नाही.

मेरिनोची निगा मात्र राखावी लागते. सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यावर तो झिजतो. थंड पाण्यात हलक्या हाताने धुवायचा, मुरगळायचा नाही, आडवा पसरून वाळवायचा. कसर लागू नये म्हणून खडखडीत वाळल्यावर कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला आहे.